अख्खी पाटी

सोमवार, ४
आज कामावर रुजू झालो. एकदम झकास! तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल, त्यावर सिग्नल पडद्यावर दाखवणारा माझा स्वतःचा स्कोप. जुन्या नोकरीत एका स्कोपसाठी चौघांची मारामारी असायची. इथे लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनतात. तक्रार अशी की लिफ्ट मजले विसरते. प्रोसेसर फ्लॅश चिपमध्ये मजल्यांची यादी लिहितो आणि परत वाचायला गेला की एखादा मजला गायब! माझ्याआधीच्या माणसाला दोष सापडला नाही म्हणे. तो कसा होता विचारलं, तर साहेब म्हणाले उंच होता आणि सोल्डरिंगवाले काका म्हणाले बुटका. ड्रॉवरमध्ये त्याची रिकामी फोटोफ्रेम मिळाली. तिच्यात आमचा फोटो घातला: मी, ही, आणि दोघांचे हात धरून मधे मुंगी. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही पोरगी तिथे पोचतेच, म्हणून मुंगी. दोघी पंधरा तारखेला कायमच्या इकडे येतायत.

मंगळवार, ५
चिप तपासताना लोक ठरावीक आकडे लिहितात आणि परत वाचून ताडून पाहतात. मी आकड्यांऐवजी माझी रोजनिशी लिहितो. जुनी खोड. आकड्यांच्या रांगेत चूक शोधताना डोळे फुटायची वेळ येते, पण आपल्याच वाक्यातला गळलेला शब्द लगेच टोचतो. आज चिपच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे पहिल्या कप्प्यात, कालचं पान उतरवलं, वर घरच्यांची माहिती: कोण, वय किती, मुंगीची पिवळी सायकल. परत वाचलं तर चाळीस चुका, आणि ‘सायकल’च्या जागी नुसती शून्यं. वाटलं, चोर सापडला! प्रोसेसर घाई करत असणार, चिपने बाइट पुढे करायच्या आत उचलायला जातो. क्लॉकचा, म्हणजे वाचायच्या ठेक्याचा, वेग निम्मा केला. चुका चाळीसवरून तीनवर आल्या. खूश आहे.

बुधवार, ६
हिला फोनवर सांगितलं, सायकल नीट बांधून सामानात टाक. ही म्हणाली, कुठली सायकल? मुंगीला सायकल घेतलीच कधी आपण? चेष्टा करते असं वाटलं. अरे, दुकानात घंटी वाजवून वाजवून मुंगीने दुकानदाराला वात आणला होता! पण ही हसत नव्हती.

शुक्रवार, ८
वेग आणखी कमी केला, तार आखूड केली, चिपजवळ कपॅसिटर लावला. स्कोपवर सिग्नल लख्ख दिसतोय. तरी चुका आहेतच. म्हणजे वाटेत काही हरवत नाही, प्रोसेसर बरोबर वाचतोय. शून्यं चिपमध्येच आहेत. आज तीन जागी. तिन्ही जागी मी ‘मुंगी’ लिहिलं होतं.
लगेच घरी फोन लावला. मुंगीला दे म्हटलं. ही म्हणाली, कोणाला?

शनिवार, ९
फोटोत आम्ही दोघंच. मधे रिकामी जागा, आणि आमची बोटं वळलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. सासूबाईंना फोन केला. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, जावईबापू, मूल नाही याचं आम्हाला वाईट वाटत नाही का? पण असं भलतंसलतं बोलू नका.
मला फार भीती वाटतेय.

सोमवार, ११
दुसऱ्या ब्लॉकमध्ये लिहिलं, ‘मुंगी आहे’. शंभर वेळा. शंभरही वेळा बरोबर वाचलं गेलं. घरी फोन केला — कोणाला?
पहिल्या ब्लॉकमध्ये, तिच्याच जागी लिहायला हवं. तिथे चिप घेत नाही. फ्लॅशची रीतच आहे ती: शून्य झालेलं परत भरायचं तर एक अक्षर पुसून भागत नाही, अख्खी पाटी धुवावी लागते. त्या पाटीवर ही आहे. मी आहे. काका म्हणाले, एवढं काय जिवाला लावून घेता, चिप तर आहे, काढा आणि दुसरी लावा. काढली तर — नको.

मंगळवार, १२
ब्लॉकमधलं सगळं वहीत उतरवून घेतलं. दोनदा ताडून पाहिलं. पुसायला एक सेकंद, लिहायला दोन. हजारदा केलेलं काम आहे. तीन सेकंदांचा प्रश्न —
पुसलं.

मंगळवार, दुपार
लिहून घेत नाही. चिप काहीच लिहून घेत नाही. ब्लॉक कोरा. पुन्हा — वेग कमी करून पुन्हा — हिचा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. फ्रेममध्ये नुसती काच. मी पुसलं. माझ्या हाताने मी —

बुधवार
काकांनी माझ्या टेबलावरचं सामान खोक्यात भरलं. मी हाका मारत होतो. त्यांनी वर पाहिलं नाही. साहेबांना सांगितलं, जागा झाडून ठेवलीय, सोमवारी नवीन माणूस येतोय ना. आधीचा कसा होता हो, साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, उंच होता बहुतेक.

वहीची शाई उडत चाललीय. पहिल्या पानापासून. या पानापर्यंत यायच्या आत —
मुंगी. वय सहा. पुढचे दोन दात पडलेत. डाव्या गुडघ्यावर व्रण, सायकलवरून पडली त्याचा. हाक मारली की आधी ‘काऽय’ म्हणते, मग येते. शाळेतलं नाव वेगळं आहे. मीच ठेवलं होतं. तिचं नाव