अंगठ्यावरचा पिवळा डाग

डोंगरकडा, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

रॉकेल कंट्रोलचं, मोजकंच मिळतं, म्हणून उजेड आहे तोवर लिहून घेते. अंगठ्यावरचा पिवळा डाग राखेनं घासला, तरी गेला न्हाई.

वालाच्या वेलावर दरसाल माव्याची बारीक कीड पडते, म्हणून औंदा मधल्या वाफ्यातली कोथिंबीर मुद्दाम फुलू दिली. माहेरी आई असंच करायची. त्या फुलांवर ठिपक्यांचे लाल किडे येतात आणि मावा खातात. सासूबाई चिडल्या. "खायची भाजी वाया घालवून राहिली!" पण लाल किडे आले, तेव्हा केवढं बरं वाटलं मला! मग वालाच्या पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. ही नवी तकलीफ कुठून आली, म्हणून चार दिवस रोज सकाळी अंगठ्यानं एकेक चिरडली.

आज खुरपायला तांड्यावरची सोनीबाई आली. तिनं माझा हातच धरला.

"बाई, काहून मारून राहिल्या? आमच्या करडईवर बी असतात ह्या. लाल किड्याचीच लेकरं हायेत. मावा ह्याच जास्त खातात."

माझा विश्वास बसेना. तिनं एक अळी काडीवर घेऊन माव्यात सोडली. लगेच खायला लागली ती.

आईनं लेकरांचं काहून सांगितलं न्हाई? की सांगितलं, आणि मीच ऐकलं न्हाई? डाग अजून दिसतोच आहे. तरी बरं, पलीकडच्या वेलावर पुष्कळ अळ्या उरल्यात.

आत्ताच सासूबाई मळ्यातून आल्या. माझ्याकडं बघून लग्नानंतर पहिल्यांदाच हसल्या. "उरलेल्या मी चिरडल्या गं," म्हणाल्या, आणि त्यांनी आपला पिवळा अंगठा माझ्यापुढं धरला.