देवाला दाखवलेली गोळी

४ ऑगस्ट, सोमवार
देवासमोरून उठताना सौ.ला आज पुन्हा माझा हात धरावा लागला. मांड्या उचलतच नाहीत म्हणते. गुडघेच समजून किती तेल चोळलं मी! शेवटी रक्त तपासलं, तर थायरॉइड. गोळ्या सुरू होऊन उन्हाळा सरला, श्रावण आला, फरक नाही. तिचं एकच म्हणणं : दिवाळीला दारात रांगोळी मीच घालणार.
खरं सांगू, ती हात मागते ते मला आवडतं. पण आवडून कसं चालेल.

७ ऑगस्ट
सुभाष रोडला डॉक्टरीणबाईंकडे. थायरॉइड कमी पडलं की स्नायू सुस्तावतात, मांड्या नि दंड आधी, म्हणाल्या. वेणी घालताना हिचे हात मध्येच खाली का येतात, ते आता...
डोस वाढवायला बाईंनी पेन उचललं नि विचारलं, अज्जी, गोळी घेता कशी?
"पूजा झाल्यावर, नैवेद्याच्या दुधाबरोबर. देवाआधी तोंडात काही कसं घालू?" कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात!
बाईंनी पेन खाली ठेवलं, कानडीवर आल्या. "हालु ब्याड अज्जी, बरे नीर." दूध नको, नुसतं पाणी. उठल्याउठल्या. कॅल्शियम दुपारी. दुधाने नि कॅल्शियमने ही गोळी अंगी लागतच नाही म्हणे.


८ ऑगस्ट
पहाटे पाहतो तर गोळी वाटीत, देवापुढे. हात जोडले, मग पाण्याबरोबर घेतली. "त्याला आधी दाखवली. झालं?"
माझे डोळे उगीच भरले.
गोळीनंतर कॉफीला अर्धा तास अवकाश. तिला करमेना, म्हणून चौथीतली पावसाची कविता म्हटली. तिसऱ्या कडव्याला अडलो. "मास्तरांनी छडी दिली असती," म्हणाली.

२१ सप्टें.
केशवापूरहून लेक आली. तिची वेणी हिने एका दमात घातली. दोघींच्या ते लक्षातही नाही. मी पेपरमागून बघत होतो.
रक्त सुधारलंय. स्नायू मात्र मागाहून येतात, सावकाश, असं बाई म्हणतात.

१२ ऑक्टो.
दिवाळीला आठवडा उरला, रांगोळीचा डबा निघाला. दारात उकिडवी बसली, ठिपके मांडले, कमळ जुळवलं. उठायच्या वेळी मी हात पुढे केला.
"थांबा हो. बघू दे."
चौकटीला धरून अर्धी उठली, पुन्हा टेकली. हसली. "दम खाते. तोवर ते तिसरं कडवं म्हणा."
हात तसाच पुढे धरून उभा राहिलो. आठवत होतो...