व्हिडिओवाल्याचे कोरडे केस

सोमवार, मालवण

आई, कितीही समजावलं तरी गण्याचं आपलं तेच. धाकटा असून मलाच शिकवतो. "दादा, लय भारी सेट हाय. व्हिडिओवाला खोटं कशाला बोलंल?" दिंडोरीकडं विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायला बुडी मारतो, आता म्हणे फोनवरच्या व्हिडिओत बघितलेला स्कूबाचा सेट, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी न् नळी, विकत घेऊन उतरणार.

मी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला. सेट लावून खोल जाऊन आलो म्हणणाऱ्या त्या माणसाचे केस कोरडे. मी कामाला आहे त्या स्कूबाच्या बोटीवरही असाच एक व्हिडिओवाला आला होता. कंपनीनं सेट फुकट दिलेला, कमरेएवढ्या पाण्यात फोटो काढले आणि टाकले फाइव्ह स्टार. गण्याला सांगितलं तर म्हणतो, "तुझा मालक तरी काय येगळं करतो? तो बी सोताचाच माल विकतो ना." खरंय. मग मी तरी कुणाच्या भरवशावर सांगू? पण केस कोरडे होते, एवढं नक्की. आणि विहिरीत खाली हवा अडली तर याला वर कोण ओढणार, आई?

शेवटी म्हटलं, सेट घ्यायच्या आधी इथं ये, तोवर विहिरीत उतरू नको. आमचे सेट एकेक लावून खाली श्वास घेऊन बघ, मी शेजारी असेन. मग ठरव. हो म्हणालाय, पण येईल का? त्याला जाण्यायेण्याचे अडीच हजार पाठवतोय.