पहिल्या नंबरची गाडी

४ मार्च, मंगळवार

नाही म्हणायला हवं होतं मी. आरटीओचे साहेब घरी आले, चहा प्यायले, म्हणाले, "ताई, समितीत एक बाई हवीच. आणि तुम्ही लिहिता-बिहिता. माणसं कळतात तुम्हाला." कुठं कळतात!

टॅक्सीचा बॅज मागणाऱ्यांपैकी ज्यांना आधी कधी शिक्षा झालीय, त्यांचे अर्ज आम्हा तिघांसमोर येतात. साहेब, निवृत्त फौजदार हिंदुराव आणि मी. द्यावा की नाही, एवढंच सांगायचं. एवढंच!

माणसं दारात चपला काढून आत येतात. कुणी सांगितलेलं नसतं. मला ते बघवत नाही.

एकानं दारूच्या भरात भावाचं डोकं फोडलेलं. तो भाऊच सोबत आला होता. "द्या की साहेब. डोकं माजं हाय, माजी तक्रार न्हाई." सगळे हसलो. बॅज दिला.

शेवटी श्रीमंत नावाचा एक. मोहोळचा, आता इथंच राहतो. पूर्वी वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी जीप चालवायचा. जीपमधल्या एका बाईचा हात धरला, ओढलं – विनयभंग. गुन्हा कबूल, दंड भरला, सुटला. मान खाली घालून उभा.

"धरला होतास का हात?" साहेबांनी विचारलं.

"धरला हुता. जीप हलली, ती पायरीवरनं पडत हुती. आत वडली. तिला भलतंच वाटलं."

"मग कबूल कशाला केलंस?"

"वकील म्हनला, कबूल कर, तारखा संपतील. दर तारखेला दिवस बुडायचा साहेब. मला वाटलं, मिटलं. त्याला शिक्षा म्हनत्यात हे मला कुटं म्हाईत!"

हिंदुराव माझ्याकडं वळून म्हणाले, "सगळे हेच सांगतात. आणि निम्म्यांचं खरंही असतं." थांबून – "निम्मे कुठले, ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाईचं प्रकरण आहे. ताई, तुम्हीच ठरवा."

मी आठवडा मागितला. श्रीमंत जाताना पंख्याचं बटण बंद करून गेला. आम्ही तिघं आतच होतो!

६ मार्च

हिंदुरावांनी त्या बाईची चौकशी केली. लग्न होऊन कर्नाटकात गेली म्हणे, पुढचं कुणाला ठाऊक नाही. नावसुद्धा कुणाला धड आठवेना.

दोघांपैकी एकच माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. ज्या बाईला पाहिलंच नाही, तिचे कसे पाहणार?

८ मार्च, शनिवार

दुपारी श्रीमंतची बायको दारात. चंद्रिका. विड्या वळते, बोटांना तंबाखूचा वास. पाणी दिलं तर उभ्यानंच प्यायली.

"त्यांनी धाडलं न्हाई मला. मीच आले."

बस म्हटलं तर उंबऱ्यापाशी टेकली.

"मी त्यांच्यासंगं संसार करते ताई. मला इचारा की. पोरीच्या अंगाला कदी बोट लावलं न्हाई, माज्या बी न्हाई. लबाड बोलायचं तर त्यांचे कान लाल हुत्यात."

उठताना म्हणाली, "पर त्या दिशी मी गाडीत न्हवते. ते बी खरं हाय."

सोबत आणलेली शेंगाचटणीची पुडी मी परत दिली. नियमानं. तिचा चेहरा उतरला. लाच थोडीच होती ती!

९ मार्च

जेवताना काव्याला सगळं सांगितलं. लेक माझी, पण वकिलासारखी बघते. "आई, क्लास सुटल्यावर मी एकटी त्याच्या गाडीत बसले तर?"

भाकरी मोडत राहिले.

"बरं, तू बसशील?"

"बसेन," म्हणाले. लगेच म्हणाले.

११ मार्च, मंगळवार

दिला. माझा होकार पाहून दोघांनी सह्या केल्या. श्रीमंतनं नुसते हात जोडले. घरी येताना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

३० मार्च, पाडवा

चंद्रिका साखरेची गाठी घेऊन आली. या वेळी घेतली. "तसलीच एक त्यांच्या गाडीच्या आरशाला बांधलीया," म्हणाली. हसताना किती वेगळी दिसते!

९ एप्रिल, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

मावशीकडं अक्कलकोटला जायचं होतं. बस चुकली, म्हणून टॅक्सी स्टँडवर गेले. दिवस कलला होता. स्टँडची रीत अशी – गाड्या नंबरानं उभ्या, पहिल्या गाडीनं येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं. गिऱ्हाइकानं नाही म्हटलं, तर गाडी रांगेच्या शेवटी. रांग चांदसाब बघतात, पांढरी दाढी, गळ्यात शिट्टी.

"अक्कलकोट? या मॅडम, ह्याचा नंबर हाय. बसा."

आरशाला गाठी लटकत होती. उन्हानं विरघळून एकीकडं चिकटलेली.

श्रीमंतनं धावत येऊन मागचं दार उघडलं. "बसा की ताई! तुमच्यामुळंच तर –"

माझा हात दारावर होता. मी एकटी. पुढं मोकळा रस्ता, अंधार पडणार. आणि मला काही केल्या आत बसवेना!

"भाचा येतोय न्यायला," मी म्हणाले.

मला भाचा नाही.

त्याचे कान लाल झाले. माझं लबाड बोलणं – आणि कान त्याचे. दार हळूच लावलं त्यानं. माझ्यामागं लेकराला कडेवर घेऊन एक बाई उभी होती. कुणीतरी मागून म्हणालं, "समितीवाल्या मॅडम हायेत ना ह्या?" त्या बाईनं लेकरू सावरलं आणि म्हणाली, "मी बी दुसऱ्या गाडीनं जाते."

चांदसाबांनी शिट्टी वाजवली. श्रीमंतची गाडी मागं गेली.

मी सात रस्ता चौकापर्यंत चालत आले. मावशीला फोनवर सांगितलं, डोकं दुखतंय.

१२ एप्रिल

आज नळाला पाणी येऊन गेलं. भरलं नाही. काव्या चिडली. काय सांगू तिला?

१८ एप्रिल, शुक्रवार

ठरवून स्टँडवर गेले. त्याच्याच गाडीत बसायचं, अक्कलकोटला जाऊन परत यायचं. गाडी नव्हती.

चांदसाब माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याचा नंबर बंद केला मॅडम. बायामाणसं बसंनात. स्टँडवरची पोरं म्हनली, बॅज देनारी बाईच बसली न्हाई, म्हंजे तिला कायतरी ठावं असनार."

"मला काहीच ठाऊक नाही हो!"

"मग बसायचं हुतं की," ते म्हणाले. रागानं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी चंद्रिका आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोरगी. माहेरी निघालीय. उंबऱ्याबाहेरच थांबली. "ताई, ती जीपमधली बाई तुमाला गावली ना? काय सांगितलं तिनं? मला तरी खरं सांगा."

काहीच नाही, म्हणाले. कुणीच सापडलं नाही, कुणीच काही सांगितलं नाही. पुन्हा पुन्हा म्हणाले.

तिनं माझ्या कानांकडं पाहिलं, आणि पोरीला घेऊन जिना उतरली.