न तापणाऱ्या लॅपटॉपची खुशाली

चिरंजीव भाऊजी यांस घरातल्या सर्वांचे आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेल्या खोक्यातून पुढील वस्तू सुखरूप मिळाल्या. लॅपटॉप एक, पातळ (इतका, की मी आधी खोक्याचा तळ समजून बाजूला ठेवला होता). चार्जर एक. मऊ पिशवी एक, बिलात तिची किंमत दिसत नाही म्हणून फुकट धरली आहे. फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद चार हात, तो सासूबाईंनी मागून घेतला आणि दुपारभर एकेक फुगा फोडत बसल्या. खोके आणणाऱ्या माणसाला पाणी दिले, त्याचा खर्च नाही. लॅपटॉपचे निम्मे पैसे तुम्ही भरलेत, निम्मे यांनी. तो सगळा खर्च मी 'धंद्याची अवजारे' या सदरात टाकला आहे.

तुमची आणि जाऊबाईंची तब्येत ठीक असेल असे धरून चालते. जाऊबाईंचा खोकला गेला का? गेला नसेल तर कोमट पाणी प्यावे. त्याला खर्च नाही. इकडे सासूबाईंचे गुडघे जसे होते तसेच आहेत, म्हणजे त्यांच्या मते वाईट आणि डॉक्टरांच्या मते वयाच्या मानाने चांगले. देवाच्या कृपेने बाकी सर्व ठीक.

आता लॅपटॉपविषयी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे याच्या आतला मेंदू एआरएम घराण्यातला आहे, म्हणजे मोबाइलच्या भाऊबंदांपैकी, हे मी सासूबाईंना समजावून सांगितले. त्यांनी "मग हा एवढा मोठा कशाला केला?" असे विचारले, त्याचे उत्तर तुम्ही आल्यावर द्यावे. यंत्राचे गुण सांगावे तितके थोडे. आवाज अजिबात नाही. आत पंखाच नसल्यामुळे तो चालू आहे की बंद हे कळत नाही, म्हणून मी जाता येता हात लावून बघते, तर गारच असतो. मागच्या लॅपटॉपवर चुकून हात पडला तर मलम लावावे लागे. खाणे तर विचारू नका. सोमवारी सकाळी पोटभर वीज पाजली, ती शुक्रवारी संध्याकाळीही निम्मी शिल्लक. वजन तांदळाच्या छोट्या पुड्याइतके. बोलणे नाही, तापणे नाही, खाणे नाही. माणूस म्हणून जन्माला आला असता तर कोणत्याही घरात सुखाने नांदला असता. तुमचे दादा दिवसातून दोनदा म्हणतात, "बघ, माझ्या भावाची निवड आहे."

येथवरचे पान तुमच्या दादांनी वाचले, 'झकास' म्हणाले आणि मशीनच्या खोलीत गेले. पाकीट चिकटवणे माझ्याकडे असते (ते डिंक फार लावतात), त्यामुळे हे दुसरे पान त्यांनी पाहिलेले नाही, आणि पाहू नये अशी देवाला प्रार्थना आहे.

भाऊजी, वर लिहिलेला एकेक शब्द खरा आहे. फक्त त्या लॅपटॉपवर आमचे काम होत नाही.

तुम्हाला आमचे काम माहीत आहे, तरी सविस्तर लिहिते, कारण तुम्ही निवड केलीत तेव्हा ते तुमच्या डोळ्यांसमोर नसावे. शाळेच्या खिशांवरची चिन्हे, डॉक्टरांच्या कोटांवरची नावे, असे भरतकाम आपले मशीन करते. चित्र लॅपटॉपवर काढायचे आणि ते वायरीतून मशीनला पाठवायचे. मशीन जुने, सासऱ्यांच्या आशीर्वादाइतके मजबूत, पण त्याला वायरीखेरीज दुसरा रस्ता ठाऊक नाही. नव्या लॅपटॉपला ती वायर बसेल असे भोकच नव्हते, म्हणून जोडणीचा तुकडा आणला (साडेचारशे, परत घेत नाहीत). वायर बसली. चित्र पडद्यावर उघडले, आणि असे उघडले की शाळेच्या सिंहाच्या मिशा मोजाव्यात. यांनी 'पाठवा'चे बटण दाबले. मशीन गप्प. पुन्हा दाबले. तरी गप्प. दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी, भांडण झालेल्या जावांसारखी, एकमेकींकडे न बघता.

मग दुरुस्तीवाला आला. मागचा लॅपटॉप धूर काढून गेला तेव्हा त्याची उत्तरक्रिया यानेच केली होती. त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे बँकेतले कॅशियरही आले, कारण त्यांच्याकडे असाच एआरएमचा लॅपटॉप आहे आणि त्याबद्दल बोलायला ते माणूस शोधत असतात. आमच्या बाहेरच्या खोलीत वाद सुरू झाला. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे मला जेवढे समजले तेवढे असे: या घराण्याची बोलीच वेगळी. जुने प्रोग्रॅम तिला कळत नाहीत म्हणून आत एक दुभाषा बसवलेला आहे. तो दुभाषा हुशार आहे, म्हणून चित्र उघडते. पण बाहेरच्या यंत्राशी बोलायचे तर दुभाषा चालत नाही, त्या यंत्राच्या कंपनीला या बोलीतला आपला माणूस द्यावा लागतो. आपल्या मशीनची कंपनी तर केव्हाच बंद पडली. माणूस द्यायला मागे कोणी उरलेले नाही.

कॅशियर म्हणाले, "अहो, पण येणारं सगळं भविष्य याच लॅपटॉपांचं आहे!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "असेल हो. पण पहिली तारीख त्याच्या आधी येते."

पहिल्या तारखेला शाळा उघडते आणि तीनशे खिशांवर सिंह लागतो. हे काम दरवर्षी आपल्याकडे येते म्हणून वर्षाचे किराणा-पाणी बिनघोर चालते. ते या वर्षी दुसऱ्याकडे गेले की पुढच्या वर्षी परत येत नाही, शाळा सवयीवर चालते. हे सगळे मी दोघांना सांगितले. दोघांनी मान हलवली आणि पुन्हा बॅटरीवर आले. कॅशियरांनी फायदे सांगायचे, दुरुस्तीवाल्याने तोटे. हा म्हणे नव्या लॅपटॉपात स्मरणशक्ती वाढवता येत नाही, आहे तेवढ्यावर जन्म काढायचा. ते म्हणे उघडताच जागा होतो, जुन्यासारखा आळोखेपिळोखे देत नाही. हा म्हणे प्रिंटर जुना असेल तर त्याचीही बोंब. ते म्हणे प्रिंटर नवा घ्यावा. (दुसऱ्याच्या घरात बसून नवे घ्यावे असे सांगणारी माणसे मला पहिल्यापासून आवडत नाहीत.) दोन तास वाद झाला. तेवढ्या वेळात लॅपटॉपला चार टक्के वीज लागली आणि त्या दोघांना अर्धा लिटर दूध. एवढ्यावरून कोण किफायतशीर ते ठरले.

निघताना दुरुस्तीवाल्याने यांना बाजूला घेतले. "माझ्याकडे जुन्या घराण्यातला एक वापरलेला आहे, दणकट आहे, स्वस्तात लावतो," म्हणाला. मी पैशांचा डबा उघडायला निघाले होते. (असे मी फार वेळा निघत नाही.) यांनी साफ नाही म्हटले. कारण विचारले तर म्हणतात, "सुट्टीत धाकटा इथे येणार. दोन लॅपटॉप बघितले की त्याला कळेल."

"कळू दे की," मी म्हटले.

"अगं, जन्मात पहिल्यांदा मी त्याचा सल्ला घेतला. लहानपणापासून 'तुला काय कळतंय, तू गप्प बस' एवढंच बोललो त्याला. आता ऐकलं, तर लगेच कळवू, की बाबा रे, तुला खरंच काही कळत नाही? परत तोंड उघडेल का तो माझ्यासमोर?"

मी डब्यापासून मागे फिरले, भाऊजी. तुमच्या दादांचे म्हणणे पहिल्या फटक्यात मानण्याची मला सवय नाही.

त्या दिवसापासून घरात हाताने सिंह भरणे चालू आहे. हे स्वतः सकाळी बसतात. यांचा सिंह हुबेहूब होतो, पण दिवसाला एक, आणि तीनशेला तीनशे दिवस लागतात हे सांगायला शिक्षण लागत नाही. सासूबाई चष्मा पुसून मदतीला बसल्या. त्यांचे सिंह चेहऱ्याने मांजराकडे झुकतात, पण मायाळू आहेत. मी आयाळीत दोरा वाचवला, त्यामुळे माझी सिंहीण झाली. शाळा मुलींची आहे, तेव्हा चालून जाईल असे मला वाटले होते. लॅपटॉप या सगळ्या वेळात समोर उघडा ठेवलेला असतो, म्हणजे नमुना बघता येतो. उजेड चांगला पडतो, हे कबूल केले पाहिजे.

परवा शाळेचे हेडक्लार्क काम कुठवर आले ते बघायला आले. टेबलावरचे सिंह त्यांनी एकेक करून उचलले, उजेडात धरले, परत ठेवले. सासूबाईंचा मात्र त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"आजी, हे काय आहे?"

"सिंह."

"हा सिंह?"

"जेवून उठलेला आहे," सासूबाई म्हणाल्या.

हेडक्लार्क भले गृहस्थ आहेत, हसले नाहीत. पण जिना उतरताना यांना म्हणाले, "तुमच्या शब्दावर थांबलोय. पहिल्या तारखेला मशीनचं काम हातात पडलं पाहिजे, नाहीतर मुख्याध्यापिकाबाई मला विचारतील आणि मी दुसरीकडे देईन." यांनी "होऊन जाईल" म्हटले आणि वर येऊन पुन्हा सुई ओवली. यांची बोटे टोचून टोचून लाल झाली आहेत. त्याच बोटांनी काल ते लॅपटॉप पुसत होते. त्याच्यावर डाग नव्हता, तरी.

तेव्हा तो खर्च मी 'धंद्याची अवजारे'मधून काढून 'शोभेच्या वस्तू'त टाकला आहे. त्या सदरात आजवर एकच नोंद होती, एक फुलदाणी, तीही लग्नात आलेली. यात तुमचा दोष नाही, असे मी मनापासून म्हणते. ज्याला फक्त लिहायचे-वाचायचे, हिंडायचे-फिरायचे त्याच्यासाठी यापेक्षा गुणी यंत्र नाही. तुम्ही स्वतःसाठी निवडले असतेत तर निवड नेमकी ठरली असती.

जाऊबाईंना माझा नमस्कार नको, आशीर्वाद सांगा. काळजी घ्या.

तुमची वहिनी

ता. क. हे पोस्टातल्या बाकावर बसून गुडघ्यावर लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्यावे. वरची शेवटून तिसरी ओळ पुन्हा वाचावी. तुम्ही स्वतःसाठी निवडले असतेत तर, असे मी लिहिले आहे. तर आता निवडा. कामाला जाताना तुम्ही जो जाडा, गुरगुरणारा लॅपटॉप खांद्याला लावून नेता, तो जुन्या घराण्यातला आहे असे कॅशियर सांगतात (मागच्या सुट्टीत त्यांनी तो पाहिला होता). तुम्ही तुमच्या दादांना एक पत्र लिहायचे. मजकूर मी देते, तुमच्या शब्दांत घाला: "दादा, हे धूड वाहून माझी पाठ गेली. तुझा हलका लॅपटॉप मला दे आणि माझा तू ठेव. तू काय, घरात बसून काम करतोस, तुला वजनाचं काय?" पाठ दुखत नसेल तर तेवढ्या दिवसापुरती दुखू द्या. हे वाचून तुमचे दादा आधी दहा मिनिटे बोलतील, लहानपणापासून आळशी, दप्तरसुद्धा मीच उचलायचो, आयते मागायची सवय, वगैरे. आणि अकराव्या मिनिटाला देतील. तुम्ही मागितलेले त्यांनी नाही म्हटले असे मी या घरात आल्यापासून पाहिलेले नाही. बोलतात फार, एवढेच. म्हणजे तुमचा सल्लाही चुकला नाही, त्यांचा मोठेपणाही राहिला आणि मुलींच्या खिशावर सिंहाला सिंह म्हणता येईल.

पुन्हा ता. क. पत्रात 'लॅपटॉप बरा चालत नाही का' असले एक अक्षर घालू नका. काळजीचा सूर नको, हक्काचा हवा. जमले तर थोडी कुरकुरही करा. तुमच्या कुरकुरीने त्यांना बरे वाटते, सगळे नीट चालले आहे असे वाटते. यात जे काही खोटे आहे ते माझ्या नावावर जमा करा. देवाशी मी बोलून घेतले आहे, त्याने नाही म्हटलेले नाही. तुमचा लॅपटॉप मात्र आधी रवाना करा, यांच्या उत्तराची वाट बघू नका, पहिली तारीख जवळ आली. पाठवणावळ दोन्हीकडची तुम्ही भरावी. नवा लॅपटॉप मिळतो आहे, तेवढे चालेल.

आणखी एक, तिकीट लावण्यापूर्वी. फोन करू नका. फोन हेच उचलतात, 'झकास' म्हणतील आणि तुम्ही पुन्हा निवांत व्हाल. उलट टपाली लिहा, आणि माझ्या नावे नको, त्यांच्या नावे. मला वेगळे उत्तर पाठवून तिकीट वाया घालवू नये. हे तणतणत स्वयंपाकघरात आले आणि खोके बांधायला सुतळी मागितली, की तुमचे पत्र पोचले असे मी समजेन.