पेप्टाइडचा दसरा

२५ सप्टेंबर
आजपासून रोज सकाळी आठला लॅब. दिवाळीपर्यंत पीएचडी खिशात. अण्णांनी निफाडच्या घरासाठी 'डॉ. नवनाथ' अशी पाटी करायलासुद्धा टाकली. बापाने असा विश्वास ठेवावा.

विषय सोपा. बटाट्याचा रस काळा पडतो तो एका प्रोटीनमुळे. त्याच्या खाचेत नेमका बसेल असा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, मी बनवून घेतलाय. तो घालून रस काळा पडला नाही, की प्रोटीन त्याच खाचेतून काम करतं हे सिद्ध.

२९ सप्टेंबर, दुपारी १२ (लॅबला जाताना, द्वारका चौकात ट्रॅफिक)
परवा पेप्टाइड घालूनही रस काळा. बटाटेच खराब.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
लॅबमध्ये मशीनची पूजा. ज्युनिअर रिदा म्हणाली, दादा, बाटल्यांना नका लावू. म्हटलं, श्रद्धा झाकणापाशी थांबत नाही. पिपेट, पेप्टाइड, पाणी, सगळ्यांना सढळ हाताने हळद.

३ ऑक्टोबर
रस काळा पडला नाही! किंचित पिवळसर. यशाचा रंग असावा. पेढे वाटले. रिदा म्हणते कंट्रोल करा: तेच घटक, पण क्रम उलटसुलट केलेलं पेप्टाइड. त्याने रस काळाच पडायला हवा. कंट्रोल भित्री माणसं करतात.

६ ऑक्टोबर
गाइड चैताली मॅडम म्हणाल्या, कंट्रोल नाही तर प्रेझेंटेशन नाही. केला. पूजेच्या रॅकमधल्या उलटसुलट पेप्टाइडनेही रस काळा पडेना. माझा शोध क्रमाच्या पलीकडचा दिसतो.

७ ऑक्टोबर
रिदाने त्याच रॅकमधलं नुसतं पाणी घातलं. तरी काळा नाही. पाणीही तयारीचं निघालं.

९ ऑक्टोबर, प्रेझेंटेशन
मॅडमनी स्लाइड सोडून बाटली बघितली. हे पिवळं काय, म्हणाल्या. मी म्हटलं, श्रद्धा. कमिटीतल्या सरांना हसून ठसका लागला. रिदाने फ्रीझरमध्ये थोडं पेप्टाइड बिनपूजेचं राखलं होतं. ते घातलं. चहा येईपर्यंत रस काळाकुट्ट. एवढे दिवस काम हळद करत होती. पीएचडी पुढच्या वर्षावर. वाईट वाटलं, फार वाटलं. मग मीही हसलो.

२० ऑक्टोबर, निफाड
अण्णांना फोनवर सांगायचं राहूनच गेलं. दारात बघतो तर पाटी लागलेली. तिथेच सगळं सांगून टाकलं. अण्णांनी तोरणातला झेंडू ओढून 'डॉ.'वर आणला आणि म्हणाले, झेंडू सुकायच्या आत उरक, लय ताणू नको.

झेंडू बराच टिकतो. पाडव्यापासून रोज सकाळी आठला लॅब. नाहीतर भाऊबीज झाली की.