झाकण सैल ठेवा

२ नोव्हेंबर

ती. ताईंना,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले. खोली बरी आहे. खिडकीतून बंदरातल्या दोन क्रेन दिसतात आणि त्यांच्यामध्ये अडकून राहिल्यासारखा समुद्राचा एक तुकडा. घरमालकिणीनं विचारलं, समुद्राकडची खोली मिळाली, खूश ना? मी हो म्हणाले. हल्ली मी सगळ्यांना हो म्हणते. त्यानं माणसं लवकर जातात.

फोन का करत नाही म्हणून रागावू नका. फोनवर तुमचं भाषण होतं. पत्रात निदान कागद संपला की थांबावं लागतं.

निघताना मी तुम्हाला नीट काही सांगितलं नाही. तुमचा भाऊ गेला त्याला आता चौथा महिना. तेव्हापासून माझ्या तोंडाला चव नाही. हे बोलायची रीत म्हणून लिहीत नाही, खरोखरच नाही. मीठ, साखर, चहा, औषध, सगळं कोमट पाणी. रडूही आलेलं नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. चवीवाचून अडतं. आमची ब्रुअरी विकत घ्यायला तो खरेदीदार टपून बसला आहे आणि त्याला महिनाअखेर उत्तर हवं आहे. या शहरात हातानं, थोडी थोडी बिअर काढणाऱ्या बऱ्याच लहान ब्रुअऱ्या आहेत. आम्ही दोघं इथे यायचं कधीपासून ठरवत होतो. आता एकटीच हिंडून चाखणार आहे. एकीची बिअर दुसरीपेक्षा वेगळी कळली तर ब्रुअरी चालवीन. नाही कळली तर विकीन.

तुमच्या फ्रिजमधली बरणी सांभाळा. ब्रुअरीची वीज बंद केली आहे, म्हणून ती तुमच्या गळ्यात घातली. त्यात त्याच्या शेवटच्या बिअरचं यीस्ट आहे. विरजण राखतात तसंच ते, एका खेपेतून काढायचं आणि पुढच्या खेपेला लावायचं. सुरुवातीपासून आम्ही तेच चालवत आणलं आहे. ब्रुअरीतला आमचा टाकीवाला दर आठवड्याला माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचं, गोड पाणी आणून देईल, ते चमचाभर घाला. बरणी थंड ठेवा आणि झाकण सैल ठेवा.

माया असू द्या.
धाकटी

६ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद.

कागद संपला की मी थांबते असं तुला वाटत असेल, तर मी दोन कागद घेऊन बसले आहे.

आधी माझी अवस्था ऐक. तीस वर्षं मी दारूच्या विरोधात बोलते आहे. सभागृहांत बोलले, चौकांत बोलले, कारखान्यांच्या फाटकासमोर स्टुलावर उभी राहून बोलले. दारूनं मोडलेली घरं मी पुस्तकात वाचलेली नाहीत, त्या घरांत जमिनीवर बसून आले आहे. आणि आज माझ्या फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी, दारूचं बाळ झोपलं आहे आणि मी त्याला चमच्यानं भरवते. तुझा टाकीवाला दारात उभा राहून हसू दाबतो. त्याला सांगितलं, हसलास तर बरणीसकट बाहेर काढीन.

एक कळत नाही. तुझ्या जिभेचा आणि ब्रुअरीचा संबंध काय? बिअर काढायचा तो माझा भाऊ, लंबू. तू टाक्या धुवायचीस, गिऱ्हाईक बघायचीस. ती भट्टी विझावी ही माझी इच्छा मी कधी लपवली नाही. पण विकायची तर माझं म्हणणं पटलं म्हणून विक. थकलीस म्हणून विकू नकोस. थकून घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, तो नुसता खाली बसणं असतो.

रविवारी आमच्या मंडळाच्या बायका बैठकीला येतील. पाणी घ्यायला प्रत्येकीला माझाच फ्रिज लागतो. काय करायचं ते माझं मी बघते.

जेवत जा. चव नसली म्हणून पोटाला काय कळतं?

तुझी (अजून फ्रिजवाली),
ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

दोन्ही कागद मिळाले. बरणी बरी आहे हे वाचून हायसं वाटायला हवं होतं.

पहिली ब्रुअरी बोटी दुरुस्त करायच्या जुन्या शेडमध्ये आहे. लाकडी पाटीवर चार छोटे पेले मांडून देतात, फिक्यापासून काळ्यापर्यंत. वाढणारा माणूस प्रेमानं सांगत होता की यात संत्र्याची साल आहे, यात धूर दिलेलं माल्ट आहे. मी मान डोलावत होते. काळ्या बिअरला कॉफीसारखा कडूपणा असणार हे मला माहीत होतं, पण ते एखाद्याचा पत्ता माहीत असावा तसं. जाऊन बघितलं तर घरात कोणी नाही.

दुसरी ब्रुअरी बंद पडलेल्या लाँड्रीच्या तळघरात आहे. भिंतींवर अजून कपडे वाळवायचे आकडे आहेत. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं मला विचारलं, यातली चांगली कुठली? मी उगाच एका पेल्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तीच मागवली आणि मला धन्यवाद दिले. तिसऱ्या ठिकाणी लिहिण्यासारखं काही झालं नाही.

बाकी वेळ चालते. धक्क्यावर मासळीचा लिलाव होतो, बर्फ फोडतात, माणसं एकमेकांवर ओरडतात आणि लगेच एकत्र चहा पितात. चढणीच्या गल्ल्यांत दोरखंडांची आणि बोटींच्या रंगाची दुकानं आहेत. समुद्राला वास असतो म्हणतात. काल बराच वेळ कठड्याला टेकून उभी होते. एका बाईनं आपण होऊन माझा फोटो काढून दिला. त्यात मी बरी दिसते.

अजून दोन ब्रुअऱ्या उरल्या आहेत, पण विकण्याकडेच कल आहे. लिहिताना वाईटही वाटत नाही.

माया कमी करू नका.
धाकटी

१५ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,
आशीर्वाद.

बरणी फुटली. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

बैठकीच्या आधी मी ती फ्रिजमधून काढली आणि आतल्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवली. आमच्या मंडळाचे कापडी फलक असतात ती ट्रंक. तिच्यात माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. वास बाहेर येऊ नये म्हणून झाकण फडक्यानं धरून पिळून घट्ट लावलं. आणि फ्रिजबाहेर हाल होऊ नयेत म्हणून माल्टचं पाणी चमच्याऐवजी वाटीभर घातलं. मला वाटलं मी माया करते आहे.

खजिनदारबाई ठराव वाचत होत्या तेव्हा आत धडाम झालं. सगळ्या धावल्या. 'दारू सोडा, घर जोडा' या माझ्याच हातानं रंगवलेल्या अक्षरांवरून फेस ओघळत होता. घरभर तुमच्या ब्रुअरीचा वास. लंबू अंगाला लावून यायचा तोच.

मी काही तरी सांगायला हवं होतं. सांगायला उभीही राहिले. धाकटे, तीस वर्षांत माझ्या तोंडात शब्द नाही असं झालं नव्हतं. तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. लाजही नाही, दुःखही नाही, नुसती मोकळी जागा. बायकांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि कोणी काही विचारलं नाही. तुझं चव नसणं असंच असतं का?

टाकीवाल्यानं ट्रंकेच्या तळाशी खरवडून पाहिलं. म्हणाला, कापडाची घाण लागली, आता ते आपलं राहिलं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू हो म्हणशील.

ताई

१८ नोव्हेंबर

ताई,

झाकण सैल ठेवा म्हणून सांगितलं होतं. पत्रात लिहिलं होतं, बरणीवर चिकटवलं होतं. तुम्ही जन्मभर लोकांना सांगत आलात. तुम्हाला कोणी काही सांगितलेलं ऐकू येतं का? गुत्तेवाल्यांचे गुंड समोर उभे असताना सभा घेणारी बाई खजिनदारबाईंना घाबरली. एका फ्रिजच्या दारासाठी.

तुम्ही विचारलं होतं, माझ्या जिभेचा संबंध काय. ऐका आता. तुमच्या भावाला वास येत नव्हता. लग्नाच्या आधी मोठा ताप आला होता तेव्हापासून. डोळे बांधून दिलं असतं तर त्याला बिअर आणि गार चहा यांतला फरक सांगता आला नसता. तो टाक्या चढवायचा, उतरवायचा, यंत्रं सांभाळायचा, लोकांशी गोड बोलायचा. बिअर माझी होती. कडूपणासाठी हॉप्सची फुलं किती, कधी, कुठलं माल्ट, किती दिवस ठेवायची, सगळं माझ्या जिभेवर. तो पेला भरून माझ्या हातात द्यायचा आणि मी घोट घेताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी काही बोलायच्या आधीच त्याला कळायचं.

तुम्ही व्यासपीठावरून म्हणायचात, माझ्याच रक्ताच्या माणसानं हे विष विकायला काढलं आहे. मी समोर बसलेली असायचे. घरी येऊन त्याला म्हणायचे, आता सांगून टाकते. तो म्हणायचा, ताईचं बोलणं मला लहानपणापासून सवयीचं आहे, तुला झेपणार नाही. आमच्याकडे येताना तुम्ही पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणायचात. त्यावरही तो हसायचा. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं असं समजू नका.

हे लिहिताना पेनानं कागद फाटला. बऱ्याच महिन्यांत मी कशालाच इतका जोर लावला नव्हता.

आज मायेबद्दल काही लिहीत नाही.

धाकटी

२२ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद लिहायची आज छाती होत नाही, पण तो आहे.

तुझं पत्र घेऊन मी सकाळभर ओट्याशी उभी होते. दूध उतू गेलं. मला वाटायचं, लंबू निर्लज्ज आहे म्हणून हसतो. मी जितकं कडक बोलावं तितका तो हसायचा, आणि मी आणखी कडक बोलायचे. माझी उत्तमातली उत्तम भाषणं त्याच्यावर खर्च झाली. पत्ता चुकला होता हे तुम्ही दोघांनी मला कळू दिलं नाहीत. याचा मला राग आहे, तो तुला सांगून ठेवते.

दुसरंही सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझं मत बदललेलं नाही. भाऊ गेला म्हणून ते बदललं असतं तर ते मत नव्हतंच. तू बिअर काढलीस तर मी तिच्याविरुद्ध बोलीन. फरक इतकाच की आता तुझं नाव घेऊन बोलीन. ज्याचं काम त्याला शिवी मिळाली पाहिजे, एवढा न्याय मला कळतो.

खरेदीदार काल माझ्याकडे येऊन गेला. नणंदेचं वजन पडेल असा त्याचा हिशेब. म्हणाला, करणारा माणूसच गेला, आता वहिनींना ते लोढणं कशाला? मी त्याला सांगितलं, करणारा माणूस प्रवासाला गेला आहे. त्याला काही समजलं नाही. तुझ्या वतीनं हो किंवा नाही मी म्हटलेलं नाही.

टाकीवालाही आला होता. लंबूनं चढवलेली शेवटची बिअर टाकीत तशीच आहे. वीज नाही, चार महिने होत आले, ती बिघडली आहे. विकायची असो की चालवायची असो, ती ओतून टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यानं मला विचारलं, ओतू का? धाकटे, मी आयुष्यात पिंपंच्या पिंपं पालथी केली आहेत, टाळ्या वाजत असताना. या एका टाकीला माझ्या तोंडून हो निघालं नाही.

तू लिहिलं नाहीस तरी माझी माया आहे.

ताई

२७ नोव्हेंबर

ती. ताईंना,
धाकटीचा सा. न. वि. वि.

शेवटच्या ब्रुअरीत गेले होते. बेकरीच्या वर आहे, लोखंडी जिना चढून जायचं. एक चष्मेवाली बाई चालवते. तिनं पेला ठेवला, मी घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. शिळ्या लोण्याचा खवटपणा, मागून आंबट. मी तिला म्हटलं, बाई, तुमच्या नळ्या धुतलेल्या नाहीत. ती चिडली. म्हणाली, मागच्याच आठवड्यात धुतल्या. मी म्हटलं, धुतल्या नाहीत. आम्ही गिऱ्हाइकांसमोर भांडलो. शेवटी तिनं नळी सोडवून बोट फिरवलं, आणि ते बुळबुळीत बोट माझ्यासमोर धरून म्हणाली, बसा.

ती स्वतःच्या मदतनिसाला शिव्या घालायला आत गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला चव कळली.

चांगली चव अजून कळत नाही. तिनं दुसऱ्या नळातून दिलेली बिअर म्हणजे पाणीच. फक्त बिघडलेलं कळतं. पण निम्मं काम तेवढंच असतं, म्हणून खरेदीदाराला 'विकायची नाही' असं कळवलं आहे. आनंद झाला असं म्हणवत नाही. मी निघताना बाईनं तिचं यीस्ट बरणीत घालून दिलं. त्यात तुमच्या भावाचं काही नाही. बरणी मांडीवर घेऊन येईन.

मी पाच डिसेंबरला पोचते. स्टेशनवरून थेट ब्रुअरीत जाणार आहे, कारण आधी घरी गेले तर मग जाणं होणार नाही. टाकीवाला खालचा नळ उघडेल. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागतो, आणि ती सगळी बिअर तुमच्या पायांजवळून मोरीकडे वाहत जाईल, म्हणून जुन्या चपला घाला. तुम्ही कधी आमच्या फाटकाच्या आत आला नाहीत. या वेळी या. मी ओतायच्या आधी एक घोट घेणार आहे, बिघडलेली असली तरी. त्या वेळी कोणी तरी माझ्या तोंडाकडे बघत उभं असावं.

तुमच्या मायेवर विसंबून,
धाकटी